लेकीकडे जर्मनीला जायचंय, फाइलमध्ये काय लावू?

गेल्या अंकात शेंगेन व्हिसाबद्दल, म्हणजे युरोपातल्या २९ देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाबद्दल, प्रश्न मागवले होते. बरीचशी पत्रं एकाच घरातून आल्यासारखी वाटली, मुलगी नाहीतर मुलगा जर्मनीत नोकरीला, आईवडील पहिल्यांदाच निघालेत आणि कागदांची यादी बघून जीव घाबरलाय. म्हणून या वेळी जर्मनीचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी स्टुटगार्टला असते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिची डिलिव्हरी आहे. मला निदान चार महिने तरी राहायचंय. ओळखीचा एजंट म्हणतो, फॉर्मवर टुरिझमच लिहा, बाळंतपण लिहिलं तर व्हिसा देत नाहीत. काय करू? (पुणे)

सगळ्यात आधी अभिनंदन, आजी होताय! आता एजंटचं. त्याचं अजिबात ऐकू नका. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते यात लपवण्यासारखं काहीही नाही, फॉर्ममध्ये प्रवासाच्या कारणात कुटुंबातल्या माणसांना भेटायला असा पर्याय असतोच, तोच घ्या आणि सोबतच्या पत्रात सरळ लिहा की मुलीची डिलिव्हरी अमुक तारखेला आहे आणि मी तिच्यासोबत राहायला जातेय. तिथल्या डॉक्टरचं तारीख असलेलं पत्र जोडा. टुरिझम लिहिलंत आणि उद्या एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं, कुठे कुठे फिरणार, हॉटेल कुठलं, तर तुम्ही काय सांगणार? कागद एक बोलतोय आणि माणूस दुसरंच, हे त्यांना लगेच कळतं.

पण चार महिने नाही मिळणार. शेंगेनचा नियम आहे, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. पोचलात तो दिवस धरायचा आणि निघालात तो पण धरायचा, इथेच लोक चुकतात, तीन महिने म्हणजे १ मार्च ते ३१ मे असं धरून तिकीट काढतात आणि दोन दिवस जास्त होतात. १ मार्चला उतरलात तर नव्वदावा दिवस २९ मे. आणि २९ तारखेच्या मध्यरात्रीनंतरची, म्हणजे ३० ला साडेबारा-एकची फ्लाइट स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, एक दोन दिवस हातात ठेवूनच परतीचं तिकीट काढा. परत आलात की पुढचे दिवस कधीपासून मोकळे होतात, तर या उदाहरणात २८ ऑगस्टपासून, कारण तेव्हा मागचे १८० दिवस मोजले की मार्चचे सुरुवातीचे दिवस एकेक करून गळायला लागतात.

तिथे गेल्यावर वाढवून घेऊ, असं मनात धरून जाऊ नका. मुदतवाढ अचानक आलेलं गंभीर आजारपण किंवा तसंच मोठं काही असेल तरच. बाळ लहान आहे, अजून थोडं राहू दे, हे कारण चालत नाही.

मग पहिली डिलिव्हरी पुढेमागे होते त्याचं काय? मी बऱ्याच घरांत हेच सुचवलंय की आईने तारखेच्या साधारण दोन आठवडे आधी जायचं, आणि आईचे ९० दिवस संपत आले की सासूबाईंनी जायचं. दोघींचे दिवस वेगवेगळे मोजले जातात. एकदम दोघी गेल्या तर तीन महिन्यांनी घर एकदम रिकामं होतं आणि मुलीची रजा, बाळाचं लसीकरण, रात्रीची जागरणं सगळं तिच्या एकटीवर पडतं. पाळीपाळीने गेलात तर बाळाला जवळजवळ साडेपाच महिने आजी मिळते.

प्रश्न : मुलगी म्हणते मी इन्व्हिटेशन लेटर मेल करते, तेवढं पुरे. शेजारचे म्हणतात जर्मनीचं वेगळं काहीतरी पत्र लागतं. नक्की कोणतं? (नाशिक)

दोन्ही असतात, आणि दोन्हीत फरक आहे. साधं निमंत्रणपत्र म्हणजे मुलीने लिहायचं की हे माझे आईवडील, या तारखांना माझ्या या पत्त्यावर राहतील. त्यासोबत तिच्या पासपोर्टची आणि रेसिडेन्स परमिटची कॉपी. यात पैशाची हमी नसते, म्हणून खर्चाचे पुरावे तुमचे लागतात, पेन्शन, एफडी, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटीआर.

दुसरं आहे फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. नाव भलतंच लांब आहे पण पाठ करून ठेवा. मुलीने तिच्या शहरातल्या आउसलेंडरबेहोर्डे म्हणजे परदेशी नागरिकांच्या ऑफिसात अपॉइंटमेंट घेऊन, पगाराच्या स्लिपा दाखवून, तिथल्या माणसासमोर सही करायची, फी २९ युरो. मग तुमच्या राहण्याखाण्याचा, आजारपणाचा, परतीच्या प्रवासाचा खर्च कायद्याने तिच्यावर येतो. याची मूळ प्रत लागते, स्कॅन चालत नाही, म्हणून कुरियरचे दिवस धरा. आणि सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो व्हिसासाठी वापरायचा. मोठ्या शहरांत या ऑफिसची तारीखच लवकर मिळत नाही, तेव्हा मुलीला आजच बुक करायला सांगा.

वडील रिटायर्ड असतील आणि पेन्शन नीट असेल तर या दुसऱ्या कागदाशिवायही काम होतं. पेन्शन कमी असेल, शेतीचं उत्पन्न असेल, बँकेत फार दिसत नसेल तर मुलीने तोच करावा असं माझं मत. आणि सही करायच्या आधी तिने तो नीट वाचावा, ती मोठी जबाबदारी आहे.

इन्शुरन्स दोन्ही प्रकारात लागतोच. किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, राहण्याचे सगळे दिवस धरून. पण पॉलिसी घेताना बीपी, शुगर, आधीची अँजिओप्लास्टी असेल तर त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, स्वस्त पॉलिसीत जुना आजार बऱ्याचदा बाहेरच असतो आणि व्हिसा मिळाला तरी उपयोगाच्या वेळी तो कागद उपयोगी पडत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं मुलाकडे म्युनिकला ४ दिवस, मग स्वित्झर्लंड ८ दिवस, पॅरिस ३ दिवस असं ठरवलंय. जर्मनीची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, तिथूनच अर्ज केला तर? (ठाणे)

नाही. सगळ्यात जास्त रात्री जिथे, तिथे अर्ज. तुमचा मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये जास्त आहे, तर अर्ज स्विसकडे. दिवस सारखे असतील तरच पहिल्यांदा उतरता तो देश. एकदा व्हिसा मिळाला की तो २९ देशांत चालतो, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही तरी शेंगेनमध्ये आहे, क्रोएशिया २०२३ पासून, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आलेत. लंडन मात्र नाही, आयर्लंडही नाही. मधेच लंडनला भाचीकडे जाऊन परत म्युनिकला यायचं असेल तर व्हिसावर एंट्री १ लिहिलेली चालणार नाही, निदान २ किंवा मल्टी (कितीही वेळा आत-बाहेर) हवी, अर्जातच तसं मागा आणि तिकिटं दाखवा. लंडनचा व्हिसा वेगळा.

मुलाकडेच १० दिवस राहून स्वित्झर्लंड ५ दिवस केलंत तर जर्मनीतून अर्ज बरोबर. पण तसं खरंच करणार असाल तरच हो. खोटी बुकिंग लावून नंतर कॅन्सल करायची, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला त्याचा फार राग येतो, कारण पकडलं गेलं तर एजंटचं काही जात नाही, नाव तुमचं लागतं.

प्रश्न : माझा व्हिसा रिजेक्ट झाला. वय २७, फ्रीलान्स डिझाइनचं काम करतो, बर्लिनला मित्राकडे १२ दिवस जायचं होतं. खात्यात साडेतीन लाख होते तरी नाकारला. फी पण परत नाही. आता अपील कुठे करू? (कोल्हापूर)

वाईट वाटलं वाचून. तुम्ही पत्रासोबत स्टेटमेंट पाठवलंत म्हणून सांगते, त्यात साडेतीन लाखांतले तीन लाख अर्जाच्या सहा दिवस आधी एकदम आलेले दिसतात. त्याआधी बॅलन्स चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास फिरतोय. बघणाऱ्याला वाटणारच की हे पैसे कुणाकडून तरी फक्त दाखवायला घेतलेत. तुमच्या पत्रात नंतर कळतं की वडिलांनी दिले. मग तेच आधी लिहायचं होतं ना, वडिलांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट, नात्याचा पुरावा. पैसे कमी असणं एवढं नडत नाही, पैसे कुठून आले ते न सांगणं नडतं.

नकाराच्या कागदावर दोन ठिकाणी खूण आहे, प्रवासाचा उद्देश पटला नाही आणि मुदत संपायच्या आत परत जाल याची खात्री वाटली नाही. नोकरी नसलेल्या, लग्न न झालेल्या तरुणांना ही दुसरी खूण वारंवार मिळते. फ्रीलान्सवाल्याकडे रजेचं पत्र नसतं, म्हणून त्याने दुसरं काही दाखवावं लागतं : दोन-तीन वर्षांचे आयटीआर, जीएसटी किंवा उद्यमची नोंदणी असेल तर ती, क्लायंटची करारपत्रं आणि त्यात परत आल्यानंतरच्या तारखांचं काम, घर किंवा जमीन नावावर असेल तर उतारा. सातबारा मराठीत असतो तेव्हा इंग्रजी भाषांतर जोडा.

अपीलचं म्हणाल तर पूर्वी जर्मन कॉन्सुलेटला पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झालीय. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात एका महिन्यात दाद मागायची किंवा नव्याने अर्ज करायचा. बारा दिवसांच्या ट्रिपसाठी कोर्टात जाण्यात अर्थ नाही. नवा अर्ज कधीही करता येतो, थांबायची सक्ती नाही, पण तेच कागद परत देऊ नका. आणि आधी नाकारलाय का हे विचारलं तर हो लिहा, त्यांच्या सिस्टिममध्ये ते असतंच.

फी परत मिळत नाही हे खरं. ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज.

प्रश्न : पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, पॅन आणि बँक सासरच्या नावाने. अडचण येईल का? (सांगली)

येईलच असं नाही, पण न सांगता सोडू नका. लग्नाचा दाखला जोडा, जुना फक्त मराठीतला असेल तर इंग्रजी भाषांतरासह, आणि पत्रात एक ओळ लिहा की ही दोन्ही नावं माझीच. तिकीट आणि इन्शुरन्स मात्र पासपोर्टवरच्याच नावाने, अक्षर न् अक्षर तेच. आपल्याकडे पहिल्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेमच्या रकान्यातच छापलेलं असतं, तेही घाला. वेळ असेल तर आधी पासपोर्टच बदलून घ्या. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी तो व्हॅलिड हवा आणि दोन पानं कोरी.

प्रश्न : अर्ज किती आधी करायचा? (नागपूर)

सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी शेवट म्हणजे १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही केसमध्ये ४५ पर्यंत. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर दिवाळी झाली की लागाच कामाला. बोटांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत दिलेले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. आणि तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार भारतात राहणाऱ्या भारतीयांना पुढचा दोन वर्षांचा मल्टी एंट्री मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. मुलं तिथे असणाऱ्यांना ही फार मोठी सोय आहे.

प्रश्न : व्हिसा आला! आता एअरपोर्टवर काय विचारतात? आणि सामानात तूप, पेढे, हापूस नेता येतील का? (रत्नागिरी)

आधी स्टिकर वाचा. त्यावर कधीपासून कधीपर्यंत या दोन तारखा असतात आणि राहायचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. माझ्या पहिल्या व्हिसावर तारखांमध्ये ३३ दिवसांचं अंतर होतं आणि दिवस होते १८. मी ३३ दिवसच समजून चालले होते, नशिबाने निघायच्या आदल्या रात्री भावाने बघितलं आणि परतीचं तिकीट बदललं.

मुंबईहून फ्रँकफर्टला उतरून पुढे स्टुटगार्टला विमान बदलणार असाल तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, मध्ये निदान दोन-तीन तास ठेवा. फाइल हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको, कारण व्हिसा असला तरी कुठे राहणार, परत कधी, खर्च कोण करणार हे तिथे परत विचारू शकतात. मुलाचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची नवी सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि येण्याजाण्याची नोंद कॉम्प्युटरवर. म्हणजे ९० दिवसांचा हिशोब आता मशीनच करतं. ईटीआयएएस (ETIAS) नावाचं ऐकाल, ते ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी, भारतीय पासपोर्टला लागू नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता खाऊ. युरोपियन युनियनबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात पेढे, खवा, पनीर, तूप सगळं आलं. हापूसही नाही, ताज्या फळांना आणि भाज्यांना तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, कढीपत्तासुद्धा त्यातच. नारळ, केळी, खजूर, अननस यांना सूट आहे. डिंक, खारीक, सुकं खोबरं, सुंठ, मेतकूट, गोडा मसाला, कोरडा चिवडा हे न्या. तूप तिथे गेल्यावर कढवा, बिनमिठाचं लोणी कुठल्याही दुकानात मिळतं, आणि डिंकाचे लाडू लेकीच्या ओट्यावरच ताजे वळा.