ओट्सच्या कुकीज खरंच हेल्दी असतात का? रोज खाल्ल्या तर चालतात का, आणि घरी केल्या की कोरड्या का होतात?

थोडक्यात सांगायचं तर कुकी आहे, कुकी म्हणून खा. दोन चालतात, सहा चालत नाहीत. इथे थांबलात तरी हरकत नाही, पण मी थांबणार नाहीये, कारण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, "ओट्स असतात म्हणजे साखर-बटरचा त्रास तेवढा होत नसेल", हे वाक्य माझ्या दादाचं आहे आणि चार वर्षं ते ऐकून माझे कान किटलेत.

झालं असं, बाबांच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि उठता उठता म्हणाले, आहारात ओट्स वगैरे घेत जा. आता बाबांना दुधात शिजवलेले ओट्स म्हणजे पोस्टर चिकटवायची खळ वाटते, तोंडात घेणार नाहीत, पण गोडाचा डबा मात्र अंधारात पण बरोबर सापडतो. दादाने लगेच ओट्सच्या बिस्किटांचे पुडे आणायला सुरुवात केली. पुढे हे एवढं मोठं ओट्स, मागे यादी वाचली तर मैदा, साखर, पाम तेल आणि मग कुठेतरी ओट्स. (यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात, हे त्याला मी तेव्हाही सांगितलं होतं.) मी तोऱ्यात म्हटलं, हे असलं आणण्यापेक्षा मी घरी करते.

आणि मी केल्या, आणि त्या फार भारी झाल्या, हाच प्रॉब्लेम झाला. कडा कुरकुरीत, मधे मऊ, मनुका, थोडी दालचिनी. बाबा रोज पाच-सहा खायला लागले. आई काही बोलली की म्हणायचे, "औषध घेतोय." दादा आला की दोघं मिळून औषध घ्यायचे. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला तर एलडीएल १७१ आणि वजन तीन किलोने वाढलेलं, आणि मग हळूच कळलं की बाबांनी गोळी दीड महिना घेतलीच नव्हती, कारण "ओट्स चालू आहेत ना". दादा मला म्हणतो, "तूच तर करून देत होतीस."

त्या रात्री मी वजनकाटा काढून बसले. माझ्या एका घाण्यात २० कुकीज होतात, त्यात १५० ग्रॅम ओट्स, १५० ग्रॅम साखर, ११५ ग्रॅम बटर, १०० ग्रॅम मैदा, एक अंडं, मूठभर मनुका. म्हणजे एका कुकीत ओट्स साडेसात ग्रॅम आणि साखरही साडेसातच. आता ओट्समधली जी कोलेस्टेरॉल उतरवणारी गोष्ट आहे ती म्हणजे बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा फायबर, तो आतड्यात बुळबुळीत जेलसारखा होतो, पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो, मग नवीन पित्त बनवायला लिव्हरला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. हे खरं आहे, जाहिरात नाही. अमेरिकेच्या एफडीएने (खाण्याच्या आणि औषधांच्या नियमांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) १९९७ साली तसा दावा पाकिटावर लिहायला परवानगी दिली. पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं आणि कोरड्या ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के असतं, म्हणजे ७५ ग्रॅम ओट्स, म्हणजे माझ्या दहा कुकीज. दहा कुकीजबरोबर येते ७५ ग्रॅम साखर, पन्नासच्या वर ग्रॅम बटर आणि १३०० च्या आसपास कॅलरी. बटरमध्ये निम्मी तर सॅच्युरेटेड फॅट, आणि तीच एलडीएल वाढवते. एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्या हाताने सांडायचं. दादाला हा हिशोब फोटो काढून पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले, हे सगळेच जातात. साखर बंद, बटर बंद, केळं कुस्करून ओट्समध्ये घातलं आणि बेक केलं. भांडी घासायचा स्पंज. बाबांनी एक चावली, बराच वेळ चावली, आणि म्हणाले, "औषध म्हणून दे, खाऊ म्हणून देऊ नकोस." मला राग आला पण माणूस बरोबर बोलला होता. मला तर वाटतं हेल्दीच्या नावाखाली बेचव कुकी करणं हा कुकीचाही अपमान आणि ओट्सचाही. आणि ते साखरेच्या जागी मध घालून "शुगर फ्री" म्हणणारे लोक, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको, मध ही पण साखरच आहे. अख्खा खजूर वाटून घातला तर निदान त्याचा फायबर तरी सोबत येतो.

शेवटी आमच्याकडे जे टिकलं ते असं. सकाळी बाबांना ओट्स, पण गोड खळ नाही, तिखटमिठाचे, कांदा परतून, ते खातात. आणि दुपारी चहाबरोबर दोन कुकीज, खऱ्या बटरच्या, फक्त साखर १५० ची १०० केली (त्याने काही बिघडत नाही, मनुका गोड असतातच) आणि मैद्याऐवजी कणीक.

कोरड्या होण्याचं विचारलंय तर ओट्स पाणी ओढतात, मळून लगेच ओव्हनमध्ये ढकलू नका, गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये राहू दे. १८० डिग्रीला ११-१२ मिनिटं, मधे कच्च्या वाटत असतानाच काढायच्या, गरम ट्रेवर त्या आपोआप होतात. रोल्ड ओट्स घ्या, इन्स्टंटचा लगदा होतो. आणि ओट्स आधी कोरडेच मंद आचेवर भाजून घ्या, खमंग वास येईपर्यंत, हे एकच काम केलंत तरी फरक कळेल. साखर कमी करून पण चव कुठून आणायची तर ती इथून.

गोळीचं आता लिहिते, खरं तर आधी लिहायला हवं होतं: ओट्स खाल्ले म्हणून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रोज नियमाने ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन घेतलं तरी एलडीएल साधारण ५ टक्क्यांच्या आसपास उतरतं, गोळीची जागा ते घेत नाही. डायबेटिस असेल तर दोन कुकीजसुद्धा डॉक्टरांना विचारून. सिलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आजार) असेल तर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच ओट्स, कारण साध्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असू शकतो, आणि काहींना ओट्समधलं अॅव्हेनिन नावाचं प्रथिनही सोसत नाही. आणि फायबरची सवय नसेल तर एकदम वाढवू नका, पोट फुगेल आणि शिव्या मला बसतील.

बाबांचं एलडीएल आता १०४ आहे. गोळी रोज घेतात, संध्याकाळी चालतात, सकाळचे ओट्स खातात. यात कुकीजचा वाटा किती म्हणाल तर मी म्हणेन शून्य, आणि दादा सगळ्यांना सांगतो की ओट्सच्या कुकीजनी बाबांचं कोलेस्टेरॉल उतरवलं. मागच्या रविवारी आला तेव्हा अख्खा डबा घेऊन गेला, "माझंही जरा वाढलंय" म्हणून. दादा, हे वाचत असशील तर डबा तरी परत आण, निळ्या झाकणाचा तो एकच आहे.