कोड टीव्ही मागतोय, पैसे भलताच मागतोय

प्रश्न : स. न. वि. वि. मी वाईची, गणित शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका. धाकटा मुलगा न्यू जर्सीत असतो. दिवाळीत आला तेव्हा टीव्हीमागे लावायची फायर टीव्ही स्टिक घेऊन आला. ‘जायच्या आधी लावून देतो आई’ म्हणता म्हणता लग्नकार्यांत राहून गेलं. मग मी आणि आमच्या ह्यांनी मिळून लावली. टीव्ही बत्तीस इंची, जुना, स्मार्ट नाही. अडचणी अशा. एक, चित्र येतं, पाच-दहा मिनिटांत जातं आणि पुन्हा सुरुवातीचं नाव झळकतं. दोन, एक अ‍ॅप उघडलं तर त्याने कोड दाखवला आणि एका वेबसाइटवर जायला सांगितलं. मी ते फोनवर गूगलमध्ये लिहिलं तर पहिल्याच ओळीत फोन नंबर आला. तिकडचा माणूस हिंदीत, फार अदबीने बोलला. म्हणाला, डिव्हाइस अ‍ॅक्टिव्हेट करायचे १४९९ रुपये, एकदाच. त्याने एक अ‍ॅपही घ्यायला लावलं. पैसे मागितल्यावर मी फोन ठेवला. हे म्हणतात, भरून टाकायचे होते, काम तरी झालं असतं. तीन, शेजारणीकडे मालिकांचं जे अ‍ॅप दिसतं ते आमच्याकडे सापडतच नाही. चार, सध्या ह्यांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवतोय. चालेल की लाइन घ्यावी?

उत्तर : नमस्कार बाई. मासिक छापून तुमच्या हातात पडेपर्यंत महिना जातो, आणि तुमचा दुसरा प्रश्न महिनाभर थांबणारा नव्हता. म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन मी तुम्हाला त्याच दिवशी फोन केला. त्या माणसाने घ्यायला लावलेलं अ‍ॅप तुम्ही मी फोनवर असतानाच काढून टाकलंत. बाकी वाचकांसाठी तो सगळा भाग पुन्हा सांगतो, पण ओळीने जाऊ.

माझी उमेदीची वर्षं टीव्ही दुरुस्तीत गेली. मिरजेत दुकान होतं. गच्चीवर अँटेना फिरवत मी आणि खाली दारात गिऱ्हाइकाची बायको : “आलं का हो?” “आलं आलं... गेलं!” तुमचा पहिला प्रश्न वाचला आणि तेच आठवलं. फरक एवढाच की तेव्हा दोष हवेत असायचा, तुमच्या घरी तो विजेत आहे.

फोनवर मी तुम्हाला विचारलं, काडीला, म्हणजे त्या स्टिकला, करंट कुठून दिलाय? तुम्ही म्हणालात, टीव्हीच्याच मागच्या भोकातून, कारण सोबत आलेल्या अडॅप्टरच्या पिना चपट्या आहेत, आपल्या सॉकेटात बसत नाहीत. इथेच गाठ सुटली. अमेरिकेतून आणलेली काडी, अमेरिकेची पिन. टीव्हीच्या मागे यूएसबीच्या भोकाशी बारीक अक्षरात बघा, बहुतेक ‘५ व्ही ०.५ ए’ असं लिहिलेलं असेल. काडीच्या अडॅप्टरवर बघा, तिथे ‘१ ए’ किंवा त्याहून जास्त असेल. म्हणजे जिला एक भाकरी लागते तिला तुम्ही अर्धी वाढताय. सुरू व्हायला ती अर्धी पुरते. सिनेमा लावला, वाय-फाय जोरात चालू झालं, की कमी पडते आणि काडी बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे गणित तुम्हाला मी काय शिकवणार.

उपाय दोन. अडॅप्टरवर ‘इनपुट १००-२४०’ असं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर बिनधास्त चालतो, फक्त पिन बदलायचा सॉकेट हवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘फॉरेन पिनचा कन्व्हर्टर’ म्हणा, लगेच काढून देतील. नाहीतर घरात जुना मोबाइल चार्जर असेलच. त्यावर ‘५ व्ही’ आणि १ किंवा २ अँपियर बघून तो लावा. वायर मात्र काडीसोबत आलेलीच वापरा. कुठल्या तरी इअरफोनच्या डबीतली पातळ वायर लावून “चार्जर बदलला तरी तेच” म्हणणारे मला आठवड्याला दोन भेटतात.

हाताशी असताना आणखी एक. खोक्यात बोटभर लांबीची एचडीएमआयची जोडवायर असते, ती निरुपयोगी समजून खोक्यासकट माळ्यावर टाकू नका. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर काडी थेट भोकात घातल्यावर वाकते, आणि वाकली की भोक सैल होतं. शिवाय टीव्हीच्या पत्र्यामागे दडलेल्या काडीला वाय-फाय कमी मिळतं. जोडवायर लावून ती जरा बाहेर लोंबू द्या. दिसायला वाईट, कामाला चांगली.

आता कोड. टीव्हीवरचं अ‍ॅप कोड का दाखवतं? रिमोटने एकेक अक्षर शोधत पासवर्ड लिहायचा म्हणजे पाटीवर खडूच्या तुकड्याने कादंबरी लिहिण्यासारखं. ते वाचवायला अ‍ॅप म्हणतं, हा घ्या तुमचा नंबर, फोनवर तुमच्या खात्यात जा आणि हा नंबर सांगा, मी ओळखतो. शाळेच्या सहलीला मुलांच्या हातात चिठ्ठी देतात ना, तसं. चिठ्ठी काही मिनिटांत बाद होते आणि टीव्ही नवी देतो. त्यामुळे फोन शोधायला वेळ लागला तर जुना कोड लिहीत बसू नका, पडद्यावर आत्ता दिसतोय तोच घ्या.

कोडशेजारी बहुधा काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. भाजीवाल्याकडे पैसे देताना धरता तसा फोनचा कॅमेरा त्यावर धरा. योग्य पान आपोआप उघडतं. तिथे आपला मोबाइल नंबर, आलेला ओटीपी, बस. टीव्ही आपणहून पुढे सरकतो. ह्यात कोणाशी बोलावं लागत नाही आणि एक पैसा पडत नाही. पैसे लागतात ते अ‍ॅपच्या वर्गणीचे, आणि ते अ‍ॅपच्या आत भरायचे.

तुमची चूक झाली ती फक्त एका जागी. पडद्यावरचा पत्ता तुम्ही शोधायच्या खिडकीत टाकलात. तिथे पत्त्याऐवजी शब्द म्हणून त्याचा शोध लागतो, आणि अशा शोधांत वरच्या ओळींना बसायला ठग टपलेले असतात. ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ हा त्यांचा आवडता शब्द. काडी अ‍ॅक्टिव्हेट करायची फी नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही, ना १४९९, ना ९९. चौकोन नसेल तर ब्राउझरच्या अगदी वरच्या पट्टीत, टिंब आणि तिरप्या रेघेसकट, पडद्यावर आहे तस्सा पत्ता लिहा.

आणि त्या अदबीच्या माणसाने घ्यायला लावलेलं अ‍ॅप. त्या अ‍ॅपमुळे तुमच्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसतो. तुम्ही १४९९ भरायला बँकेत शिरलात की तुमचा ओटीपी तुमच्याबरोबर तोही वाचतो. १४९९ हे आमिष, खरी नजर खात्यावर. साहेबांना सांगा, भरले असते तर काम नक्की झालं असतं, पण त्याचं. कोणी भरून बसलं असेल तर लाजत बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक आहे. तो आणि बँक, दोन्हींना लगेच फोन करा, मग यूपीआयचा पिन बदला. पहिल्या तासात कळवलं तर पैसे वाटेतच अडवायची शक्यता बरीच असते. हे मी बढाईने सांगत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने असाच फोन केला होता, आणि मी टीव्हीवाला भाऊ तीन गल्ल्या सोडून घरी झोपलो होतो.

तिसरा प्रश्न सोपा आहे, फक्त तुमच्या मुलाला जागवावं लागेल. काडी त्याने आपल्या अ‍ॅमेझॉन खात्यावरून विकत घेतली, म्हणून ती त्याच्या नावाने नोंदलेली आली. पडद्यावर त्याचं नाव येतं ते म्हणूनच. खातं अमेरिकेचं, त्यामुळे अ‍ॅपचं दुकानही तिकडचं उघडतं. इथल्यांसाठी असलेली काही अ‍ॅप त्या दुकानात मांडलेलीच नसतात. शेजारीण खोटं बोलत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट’मध्ये जाऊन ‘डीरजिस्टर’ करा आणि तुमच्या किंवा साहेबांच्या भारतातल्या अ‍ॅमेझॉन खात्यावर नव्याने नोंदवा. आधी त्याला कळवा मात्र. नाहीतर तिकडे पहाटे “तुमचं उपकरण काढलं गेलं” असा निरोप जाऊन तो दचकायचा. हे झालं की स्टार प्रवाहच्या मालिकांसाठी जिओहॉटस्टार, झी मराठीसाठी झी५ शोधा. ‘डिस्ने प्लस हॉटस्टार’ ह्या नावाने शोधत असाल तर सांगतो, ते आणि जिओसिनेमा फेब्रुवारी २०२५मध्ये एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं.

राहिला हॉटस्पॉट. नेटफ्लिक्सच स्वतःचा हिशेब देतं : एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबीपर्यंत, साध्या चित्राला १ जीबीपर्यंत. इतर अ‍ॅप ह्याच्या आसपास. साहेबांच्या फोनवर रोज दीड जीबी असेल तर एचडीत अर्धा तास. म्हणजे मालिकेचा एक भाग जाहिरातींसकट. शिवाय फोन साहेबांच्या खिशात, आणि साहेब दूध आणायला गेले की तुमची मालिका पण दूध आणायला गेली. रोज दोन तास बघणार असाल तर लाइन घ्या. बत्तीस इंचाला एचडी पुष्कळ, त्याला ५ एमबीपीएसचा स्पीड लागतो. म्हणून भल्यामोठ्या स्पीडच्या प्लॅनला भुलू नका. उलट हे विचारा : प्लॅनमध्ये कुठली अ‍ॅप फुकट आहेत? पुष्कळदा दोन-तीन असतात आणि लोक तीच वेगळे पैसे भरून घेतात.

लाइनवाला येईल तेव्हा त्याच्याशी जरा हुज्जत घाला. त्याला राउटर दारापाशी ठोकून पळायचं असतं. तुम्ही फोनवर म्हणालात की टीव्ही माजघरात आहे आणि मधली भिंत जुन्या वाड्याची, हातभर जाडीची. तिथून सिग्नल उरत नाही. वायर आत न्यायला लावा, राउटर टीव्हीच्या खोलीत उंचावर. नाहीच ऐकलं तर काडी वाय-फायला जोडताना यादीत एकाच नावाची दोन दिसतील, त्यातलं ‘५जी’ लिहिलेलं सोडून दुसरं घ्या. ते ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झवालं, जवळून पळतं, पण भिंतीला हरतं. २.४वालं हळू, पण चिवट. आणि पासवर्ड लिहिताना मोठं-लहान अक्षर सांभाळा. राउटरखालच्या चिठ्ठीवर मोठा ओ आहे की शून्य, ह्यावरून मी स्वतः एका डॉक्टरांच्या घरी अर्धा तास घाम गाळलाय.

प्रश्न : माझ्या फोनवर नेटफ्लिक्स उत्तम चालतं. त्याच नंबरने टीव्हीच्या स्टिकवर लॉगिन केलं तर चालत नाही. महिना १४९ भरतो. फसवणूक आहे का? (नांदेड)

उत्तर : फसवणूक नाही, प्लॅन तसाच आहे. १४९चा प्लॅन फक्त फोन आणि टॅबलेटसाठी. डिसेंबर २०२१मध्ये दर कमी केले तेव्हा टीव्हीवर चालणारा सगळ्यात स्वस्त प्लॅन १९९ला आणला होता. खात्यात जाऊन तो घेतलात की स्टिकवर लगेच सुरू होईल. नवं खातं काढायची गरज नाही. आजचा दर भरण्याआधी पडद्यावर वाचून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे अजून पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे, आवाज आजही खणखणीत. त्याला स्टिक लावता येईल का? (फोंडा, गोवा)

उत्तर : येईल. तुमच्या टीव्हीला एचडीएमआयचं भोक नाही, पिवळं-पांढरं-लाल अशी तीन आहेत. मध्ये एक डबी लागते, ‘एचडीएमआय टू एव्ही’. दुकानात हे शब्द ह्याच क्रमाने म्हणा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ ही दिसायला जुळी बहीण, आणि काउंटरवर घाईत तीच हातात पडते. मग चित्र कधीच येत नाही आणि शिव्या काडीला बसतात. डबीलाही वेगळा करंट द्यायचा असतो, तो विसरू नका. हे सगळं करूनही अक्षरं बारीक आणि धूसर दिसणार, आणि काही अ‍ॅप अशा डबीतून चित्र द्यायला साफ नकार देतात. म्हणून आधी कोणाकडून तरी डबी मागून आणा, तुम्हाला हवं ते अ‍ॅप लावून बघा, मगच पैसे घाला. टीव्ही मात्र विकू नका. भंगारवाला किलोवर मागेल, आणि तसला स्पीकर आता कोणी बनवत नाही.