डोंगर जळाला म्हणून रडू येतं, हे जरा जास्तच होतंय का?

फेब्रुवारी लागला की साताऱ्यात हा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो. कधी यवतेश्वरच्या घाटात रोज फिरणारे काका विचारतात, कधी कॉलेजातली मुलगी. "मॅडम, वणवा दिसला की दोन-दोन दिवस जेवण जात नाही. घरचे हसतात. माझं काही बिघडलंय का?"

इतक्यांदा ऐकलं, म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका बाईंबद्दल लिहिते. त्यांची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

बाई निवृत्त शिक्षिका. मोती नावाच्या गावठी कुत्र्याला घेऊन रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायच्या. "दिवाळीनंतर घरी आलं की पायरीवर बसून मोतीच्या कानांतली कुसळं काढायची, अर्धा तास जायचा. मग एक दिवस कुसळं संपतात आणि पंजे काळे व्हायला लागतात." सलग तिसऱ्या वर्षी तोच उतार जळाला, तेव्हा त्यांनी डोंगराची वाटच सोडली. मोतीला कॉलनीत फिरवायच्या आणि रात्री मोबाइलवर वणव्याचे व्हिडिओ बघत बसायच्या.

सुरुवातीला मी या दुःखामागे दुसरं काही आहे का, ते चाचपत होते. घरातलं, जुनं, न बोललेलं. तिसऱ्या भेटीत बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पण डोंगर सोडून बाकी सगळं विचारताय."

तिथं मला उमगलं. डोंगराचं दुःख डोंगराचंच असू शकतं. ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं २००३ मध्ये त्याला सोलास्टॅल्जिया असं नाव दिलं. आपण घर सोडलेलं नसतं, डोळ्यांदेखत घरच बदलत जातं, त्याची ही कळ. हे ऐकून बाई रडल्या आणि पहिल्यांदाच खुर्चीत सैल बसल्या.

पण दुःखाला मान दिला म्हणजे काम संपत नाही. माणूस मनात कोणतं वाक्य घोकतो, यावर माझा भर असतो. बाईंचं वाक्य होतं, "आता तिथं काहीच उरलं नाही."

"मोतीला काय वाटतं?" मी विचारलं.

"तो अजून त्याच वाटेकडं ओढतो. मीच जाऊ देत नाही."

"मग एकदा जा. राख पूर्ण निवल्यावर, साखळी हातात धरून. तो कुठं कुठं थांबतो, एवढंच मला येऊन सांगा."

पुढच्या भेटीला आल्या त्या उभ्या उभ्याच बोलू लागल्या. मोती जळक्या गवताच्या बुंध्याबुंध्याशी नाक खुपसत होता. एके ठिकाणी टिटवी ओरडत अंगावर आली. बाईंनी साखळी आवळली, खाली पाहिलं. काळ्या खड्यांमध्ये मातकट, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी. "माझा पाय हातभर लांब होता, मॅडम. काहीच नाही म्हणत चालले असते तर तुडवलीच असती."

ते वाक्य त्या दिवशी गेलं. दुःख राहिलं, आणि ते राहू द्यावं. मी कितीही समजावलं असतं तरी जमलं नसतं ते मोतीच्या नाकानं केलं. त्याला पाठवायचं मला सुचलं, याचं समाधान आजही आहे.

तुमच्याही मनात हे असेल, तर आधी रात्रीचे व्हिडिओ बंद करा. "कुणी जाळताच कामा नये" हा हट्ट धरला की हाती फक्त संताप उरतो. "माझ्या हातात काय आहे?" असं विचारलं की काम दिसू लागतं. ते एप्रिलमध्ये नसतं, गवत वाळतं तेव्हा असतं, वनखात्याच्या माणसांबरोबर जाळरेषा काढताना, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवताचा एक पट्टा आधीच मोकळा करताना. जाळलं की गवत जोमानं येतं, हा समज जुना आहे. बुंध्यातून हिरवे कोंब फुटतात म्हणून तो टिकतो. बी आणि पालापाचोळा जळतो, उघडी माती पावसात वाहून जाते, ते चटकन दिसत नाही. हे कुणावर न चिडता सांगावं लागतं, आणि बाईंना शिकवणं येतंच. आग दिसली तर एकट्यानं विझवायला धावू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

यंदा जानेवारीत बाई रोजच्या चालणाऱ्या चौघींना घेऊन जाळरेषेच्या कामाला गेल्या. मार्चच्या शेवटी त्यांचा फोन आला. "मॅडम, पायरीवर बसलेय. मोतीच्या कानांत अजून कुसळं निघतायत."