सेकंडहँड गाडीची एकच चावी आहे, दुसरी घरच्या घरी प्रोग्राम करता येईल का?

तुम्ही विचारलंय की कामोठ्यात सेकंडहँड हॅचबॅक घेतली, सोबत एकच चावी मिळाली, सर्व्हिस सेंटरने दुसऱ्या चावीचा सांगितलेला खर्च परवडत नाही, आणि यूट्यूबवर तर एक जण पार्किंगमध्येच दोन मिनिटांत नवी चावी प्रोग्राम करून दाखवतो. मग ते घरी का जमू नये?

मी ठाण्यात वागळे इस्टेटला गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो, त्यात चाव्यांचंही काम येतं. रिमोट घरी जमू शकतो. चावीतली चिप, जिच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, ती बहुतेक गाड्यांत जमत नाही. आणि गाडी सेकंडहँड असल्यामुळे नवी चावी करण्याइतकंच, जुन्या चाव्या गाडीच्या मेमरीतून काढून टाकणं गरजेचं आहे. यूट्यूबवाले याबद्दल काहीच बोलत नाहीत, म्हणून एवढं लांब लिहितोय.

आधी चावी समजून घ्या. हातात एकच वस्तू दिसते, पण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. लोखंडी पातं दार उघडतं आणि इग्निशन फिरवतं. बटणांचा रिमोट सेंट्रल लॉक चालवतो, त्याला सेल लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे प्लास्टिकच्या डोक्यात बसवलेली तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप. तिला सेल नसतो. इग्निशनच्या भोवती तांब्याच्या तारेची एक रिंग असते, ती साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करते आणि त्यातूनच चिपला वीज मिळते. चिप आपला कोड सांगते, इमोबिलायझर, म्हणजे गाडीतली चोरीविरोधी यंत्रणा, तो ओळखतो आणि मगच इंजिनाला पेट्रोल आणि स्पार्क मिळतो. रिमोटचा सेल संपला किंवा पावसात रिमोट भिजून बंद पडला, तरी गाडी सुरू होते ती याच कारणाने.

स्वतः बघायचं असेल तर चावीचं डोकं स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये तीन-चार पदर देऊन घट्ट गुंडाळा आणि सेल्फ मारा. बहुतेक चिपवाल्या गाड्या एक तर सुरूच होणार नाहीत, नाहीतर सुरू होऊन लगेच बंद पडतील आणि मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकेल. फॉइल काढली की सगळं पूर्ववत.

आता तो व्हिडिओ. असे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे फोर्ड, क्रायस्लरच्या काही मॉडेलमध्ये मालकाला स्वतः चावी जोडण्याची सोय होती: पहिली जुनी चावी लावून इग्निशन ऑन-ऑफ, मग दुसरी जुनी चावी, आणि लगेच काही सेकंदांत नवी. नीट बघा, तिथे आधीपासून चालणाऱ्या दोन चाव्या लागतात. तुमच्याकडे एकच आहे. म्हणजे गाडीत ती सोय असली तरी तुमच्या कामाची नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना तर ओबीडी पोर्टला, म्हणजे स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला, स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं मशिन, लावून आणि बऱ्याच वेळा त्या गाडीचा गुप्त पिन कोड टाकूनच चावी शिकवावी, म्हणजे गाडीच्या मेमरीत नोंदवावी लागते. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ ओबीडी यंत्र फक्त फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचे कोड, वाचतं, चावी शिकवत नाही. आणि चावी शिकवणारी स्वस्त नकली मशिनं घ्यायचा विचार मनातून काढून टाका. पिन तीन-चार वेळा चुकला की काही गाड्या ठरावीक वेळ नवीन पिन घेतच नाहीत, आणि प्रोग्रामिंग अर्धवट तुटलं तर आज चालणारी तुमची एकमेव चावीही बाद होऊ शकते. दुसरी चावी हातात नसताना ही जोखीम घेऊ नका.

घरी काय जमतं? जुन्या बेसिक मॉडेलला ॲक्सेसरीजवाल्याने बाहेरून सेंट्रल लॉकिंग बसवलेलं असेल तर त्याचा नवा रिमोट तुम्ही स्वतः शिकवू शकता. डॅशबोर्डखालच्या छोट्या काळ्या डब्यावर किंवा त्याच्या वायरीवर एक बारीक बटण असतं. ते दाबून ठेवलं की इंडिकेटर मिचकतो, मग नव्या रिमोटचं बटण दाबायचं. किटनुसार क्रम बदलतो, म्हणून त्याच किटचा कागद शोधा. कंपनी फिटेड रिमोटमध्येही काही मॉडेलना इग्निशन आणि दाराच्या लॉकचा क्रम वापरून जोडणी होते, पण तेव्हा फक्त बटणं जोडली जातात, चिप नाही. दार उघडतंय म्हणून ती चावी घेऊन थेट लोणावळ्याला निघू नका, आधी तिने इंजिन सुरू करून बघा.

आता महत्त्वाचं. गाडीच्या मेमरीत किती चाव्या आहेत हे तुम्हाला माहीत नाही. नवी गाडी साधारण दोन चाव्यांसह येते. दुसरी खरंच हरवली, की जुन्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये आहे, की मधल्या एजंटकडे राहिली? कुठेही असली तरी आज ती तुमची गाडी सुरू करू शकते. चांगल्या स्कॅनरवर बऱ्याच गाड्यांत नोंदलेल्या चाव्यांची संख्या दिसते. ती स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जुन्या सगळ्या पुसून फक्त तुमच्या हातातल्या दोन पुन्हा शिकवायला सांगा. अनेक गाड्यांत शिकवताना आधीच्या चाव्या आपोआप पुसल्या जातात, म्हणून असलेली चावी सोबत हवीच. चिप पुसली तरी पातं दार उघडतंच, तेव्हा आत मौल्यवान काही ठेवू नका.

काही चावीवाले जुन्या चिपची नक्कल नव्या चिपवर उतरवतात. काम पटकन होतं, पण गाडीच्या दृष्टीने दोन्ही एकच चावी असते. उद्या एक हरवली तर तेवढीच बाद करता येत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे एक चिप रिंगजवळ कायमची चिकटवून टाकायची आणि साधी लोखंडी चावी कापून द्यायची. गिऱ्हाईक स्वस्तात झालं म्हणून खूश होतं, पण त्याचा इमोबिलायझर निकामी झालेला असतो. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून कुणी टेप लावायला लागला तर तिथेच थांबवा.

विम्याचंही बघा. गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी विमा कंपन्या सगळ्या मूळ चाव्या मागतात. एकच दिली की प्रश्न सुरू होतात. त्यामुळे जुन्या मालकाकडून 'एकच चावी दिली' असं लेखी घ्या. चावी हरवली असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवा.

हे काम लांबवू नका. चालणारी एक चावी असताना दुसरी करणं सोपं असतं. सगळ्या हरवल्या की पातं कुलपावरून किंवा नंबरवरून काढा, पिन मिळवा, गाडी जागची हलवा, असं सगळं वाढत जातं. घोडबंदर रोडवरच्या एका मॉलच्या बेसमेंटमध्ये अडकलेली अशीच एक गाडी मला आठवते. उंचीच्या बारखालून टोइंगची गाडी आतच येईना, स्टिअरिंग लॉक, शेवटी लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन आम्हालाच खाली बसावं लागलं.

जाताना आरसी, तुमचं ओळखपत्र आणि चावी न्या. नीट काम करणारा माणूस कागद मागतोच. जो मागत नाही तो उद्या दुसऱ्या कुणालाही तुमच्या गाडीची चावी करून देईल. जुन्या चावीसोबत नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळाली असेल तर पातं त्या नंबरवरून कापून घ्या. झिजलेल्या चावीवरून कापलं तर झीजही उतरते आणि नवी चावी पहिल्या दिवसापासून अडकते. गाडीची बॅटरी कमजोर असेल तर आधी चार्ज करा, प्रोग्रामिंग चालू असताना एसी, दिवे, म्युझिक बंद ठेवा. पैसे देण्याआधी दोन्ही चाव्यांनी दार, डिकी, स्टिअरिंग लॉक तपासा आणि प्रत्येकीने गाडी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवा.

मॉडेल, साल आणि सेंट्रल लॉकिंग कंपनीचं की बाहेरचं, एवढं खाली लिहिलंत तर तुमच्या गाडीचा रिमोट घरी जोडता येईल का ते सांगतो. चेसिस नंबर किंवा चावीचा नंबर मात्र इथे टाकू नका.