पोर्ट ८८८९ दिला, तरी टर्मिनल भलत्याच मायएसक्यूएलवर

तुम्ही लिहिलंय की पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) ऑर्डर्सचं टेबल व्यवस्थित दिसतंय, टर्मिनलवर मात्र त्याच नावाच्या डेटाबेसमध्ये ते टेबलच नाही, आणि कमांडमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) आणि मॅम्पचा (मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर बरोबर घेऊन येणारं पॅकेज) पोर्ट ८८८९ दोन्ही दिलेत. तुमचं हे वर्णन वाचून पोटात गोळाच आला. या घोळात माझं तीन आठवड्यांचं काम गेलंय.

मॅम्प चालू आहे का, पासवर्ड बरोबर आहे का, हे तुम्ही पाहिलं असेलच, त्यात शिरत नाही. (फोनवरून लिहितोय, कमांड देवनागरीतच वाचून घ्या.)

मॅक आणि लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला (सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रोग्रामला) होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' दिलंत की तो नेटवर्कने जातच नाही, सॉकेट फाइलमधून (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांना जोडणारी खास फाइल) जातो. मग कॅपिटल पी लावून दिलेला पोर्ट तो गुपचूप सोडून देतो. ना एरर, ना वॉर्निंग. मशीनवर पूर्वी होमब्रूने (सॉफ्टवेअर टाकायचं साधन) टाकलेलं मायएसक्यूएल चालू असेल, तर तुम्ही थेट त्याच्या दारात. 'लोकलहोस्ट'ऐवजी १२७.०.०.१ लिहा, किंवा प्रोटोकॉल टीसीपी असा पर्याय जोडा. तरीही जोडणी नाकारली, तर मॅम्पच्या टीएमपी फोल्डरातल्या सॉकेट फाइलचा पूर्ण पत्ता द्या. विंडोजवर हा त्रास सहसा नसतो. मारियाडीबीच्या (मायएसक्यूएलचं भावंड) क्लायंटबद्दल मी बोलत नाहीये.

आत शिरल्यावर आधी फक्त 'स्टेटस' टाइप करा. 'कनेक्शन'च्या ओळीत 'व्हाया युनिक्स सॉकेट' दिसलं, तर तुमचा पोर्ट कुणी वाचलेलाच नाही. मग 'डेटाडीर' हे व्हेरिएबल बघा. डेटा मॅम्पच्या फोल्डरात आहे की दुसरीकडे, ते तिथे लख्ख कळतं.

माझं काय झालं ते सांगतो. दोन्ही सर्व्हरवर एकाच नावाचा डेटाबेस होता आणि होमब्रूच्या मायएसक्यूएलमधल्या रूटलाही (मुख्य वापरकर्त्याला) मी आळसापायी मॅम्पसारखाच 'रूट' हा पासवर्ड ठेवला होता. त्यामुळे रोज रात्री मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची बॅकअप फाइल काढणारी कमांड) बिनतक्रार चालायचा, अर्थात लोकलहोस्ट आणि ८८८९ देऊन. फाइल तयार व्हायची, आत टेबलं असायची, मी खूश. रोजच्या फाइलींचा आकार अगदी सारखा होता, किलोबाइटचाही फरक नाही. मी दिवसाला शेकडो ओळी भरत होतो आणि ते डोळ्यासमोर असूनही दिसलं नाही! डंप निघत होता तो जुन्या, पडीक प्रतीचा. मग एका रविवारी डिस्कवर जागा हवी म्हणून मॅम्प उडवून नवीन टाकलं. 'बॅकअप आहे की', असं स्वतःला म्हटल्याचंही आठवतंय.

त्यावर मीठ चोळायला माझी पैसे भरून घेतलेली क्लाउड बॅकअप सेवा. मॅम्प आपला डेटा ॲप्लिकेशन्स फोल्डरातच ठेवत होता, आणि ती सेवा नेमकं तेच फोल्डर वगळत होती. हे एवढं एक वाक्य सांगायला त्यांच्या सपोर्टला सहा दिवस लागले. पहिल्या दोन उत्तरांत 'मशीन रीस्टार्ट करून पाहा' होतं. नाव घेत नाही, पण अजून राग येतो.

म्हणून माझं ठाम मत: लोकल मशीनवर एकच मायएसक्यूएल चालू ठेवा. दोन लागतातच म्हणणारे असतात, असोत बापडे. निदान दोघांचे पासवर्ड तरी वेगळे ठेवा, म्हणजे चुकीच्या दारावर आत तरी घेणार नाही. मी मायएसक्यूएलच्या प्रॉम्प्टमध्ये बॅकस्लॅश पी टाकून ठेवलंय, त्यामुळे प्रत्येक ओळीआधी पोर्ट किंवा सॉकेट दिसतं. दिसायला गबाळं आहे, पण राहू दे.

जाता जाता, तुमच्या कमांडमध्ये स्मॉल पी आणि पासवर्ड यांच्यात जागा सुटलीये. तशी सोडली की तो शब्द डेटाबेसचं नाव समजला जातो आणि पासवर्ड पुन्हा विचारला जातो. नुसता स्मॉल पी द्या आणि विचारल्यावर टाइप करा.

मी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा तज्ज्ञ) नाही, हे माझ्या मॅकवरचं सांगितलं. पण 'स्टेटस' बघेपर्यंत कुठलंही टेबल ड्रॉप करू नका आणि मॅम्पला हात लावू नका. त्या 'कनेक्शन'च्या ओळीत काय येतंय ते इथे टाका.