स्वॅम्प ब्लूज रॉकचा तो रांगडा आवाज नेमका येतो कुठून?

तुमचा प्रश्न असा आहे की ब्लूज, कंट्री आणि रॉक एकत्र केलं की स्वॅम्प (म्हणजे दलदल) रॉक होतं का, आणि पुण्यातल्या तुमच्या कॉलेज बँडने डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणं, कितीही वाढवलं तरी तो दलदलीतून आल्यासारखा कच्चा आवाज का निघत नाही. आधी उत्तर सांगून टाकते, डिस्टॉर्शन बंद करा, गाणं हळू करा आणि निम्म्या जागा रिकाम्या सोडा. का ते आता सांगते, जरा लांबेल, पण विषय माझ्या फार जवळचा आहे. मी ह्युस्टनला राहते, मित्रमंडळींच्या बँडमध्ये बास वाजवते आणि लुइझियाना राज्य, जिथलं हे संगीत, इथून शेजारीच आहे.

ह्युस्टनहून आय-१० हायवेने पूर्वेला निघालं की लेक चार्ल्स मागे पडल्यावर आणि लाफायेट यायच्या आधी क्राउली नावाचं छोटं गाव लागतं. आजूबाजूला सपाट भातशेती, पाणी भरलेली खाचरं, त्यातच क्रॉफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) पण धरतात. लाफायेट ओलांडलं की अ‍ॅचाफलायाचं दलदलीचं खोरं येतं, त्यावरचा पूल जवळजवळ २९ किलोमीटरचा आहे आणि बाजूला पाण्यातच उभी असलेली सायप्रसची झाडं दिसत राहतात. हा रस्ता मला फार आवडतो. पण बरेच लोक इथेच थांबतात, म्हणजे दलदल आहे, दमट हवा आहे, म्हणून संगीत पण तसं झालं असं म्हणून मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण हवा गिटार वाजवत नाही, माणसं वाजवतात, आणि ती माणसं क्राउलीतल्या एका स्टुडिओत जमायची.

तो स्टुडिओ जे. डी. मिलरचा. १९५० आणि ६० च्या दशकात लाइटनिन स्लिम, स्लिम हार्पो, लेझी लेस्टर, लोनसम सनडाउन हे सगळे ब्लूजवाले तिथे रेकॉर्ड करायचे आणि टेप नॅशव्हिलच्या एक्सेलो या रेकॉर्ड कंपनीकडे जायच्या. आता गंमत बघा, याच मिलरने १९५२ मध्ये किटी वेल्सने गायलेलं ‘इट वॉझंट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’ हे कंट्री गाणं लिहिलेलं आहे, जे इतकं चाललं की एकट्या बाईने गायलेलं गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर जायची ती पहिलीच वेळ. शिवाय तो फ्रेंच बोलणाऱ्या केजन लोकांची अकॉर्डियन आणि फिडलवाली गाणी पण रेकॉर्ड करायचा. म्हणजे एकाच खोलीत ब्लूज, कंट्री, केजन सगळं व्हायचं, माइक तेच आणि बऱ्याचदा वाजवणारेही तेच. तिथे कोणी ‘चला आपण जॉनर मिक्स करूया’ असं ठरवून बसलेलं नव्हतं. तुमच्या प्रश्नातल्या ‘एकत्र केलं की झालं का’ ला माझं उत्तर हेच आहे, की इथे मिश्रण नंतर झालेलंच नाही, आधी सगळं एकच होतं आणि संगीतप्रकारांचे वेगवेगळे खोके नंतर दुकानदारांनी केले.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. याच मिलरने ६० च्या दशकात रेब रेबेल नावाच्या लेबलवर काळ्या लोकांविरुद्धची अत्यंत हीन वंशद्वेषी गाणी पण काढली. ज्या स्टुडिओत काळे आणि गोरे वादक शेजारी बसून वाजवायचे त्याच स्टुडिओत. मला ते ऐकवत नाही आणि विसरता पण येत नाही, हे संगीत ऐकणाऱ्याला हे माहीत असायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता आवाजाकडे येते. स्लिम हार्पोचं ‘बेबी स्क्रॅच माय बॅक’ हेडफोन लावून ऐका, १९६६ मध्ये आर अँड बीच्या (ऱ्हिदम अँड ब्लूज) यादीत पहिल्या नंबरला गेलेलं गाणं आहे. त्यात हार्पो धड गात पण नाही, आळसावल्यासारखा बोलतो, मध्ये हार्मोनिका एक छोटा तुकडा टाकते आणि गप्प बसते. आणि गाण्यात पाठ खाजवायची मागणी आली की गिटारवाला तारांवर तसंच खर्रखर्र करून दाखवतो, बस एवढंच, सोलो वगैरे काही नाही. सगळा आवाज थोड्या लांबून आल्यासारखा वाटतो कारण मिलर इको भरपूर वापरायचा. तालाला पण नुसता ड्रमसेट नाही, लाकडी ठोकळा, पुठ्ठ्याचा खोका, हाताला येईल ते वाजवून घ्यायचा. शिकागोचा ब्लूज याच काळातला पण तो अंगावर येतो, हा मात्र ठाय लयीत मागे रेलून बसलेला असतो आणि तरी तुमचा पाय हलायला लागतो. हार्पो स्वतः बॅटन रूजच्या बाजूचा, गाणी चालत असताना पण ट्रकचा धंदा सांभाळायचा, आणि १९७० च्या जानेवारीत अवघ्या ४६ व्या वर्षी गेला. रोलिंग स्टोन्सनी १९६४ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्याचं ‘आय अ‍ॅम अ किंग बी’ घेतलं होतं, मूळ १९५७ चं आहे, दोन्ही पाठोपाठ ऐका, मला अजून मूळचंच सरस वाटतं, त्यातली ती बासवरची मधमाशीसारखी घूं करत घसरणारी नोट ऐकून तर मी बासच्या प्रेमात पडले.

रॉक बँड म्हणाल तर क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, सीसीआर. आणि हे चौघं लुइझियानाचे नाहीतच, कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोचे, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूचे. जॉन फोगर्टीने ‘बॉर्न ऑन द बायू’ (बायू म्हणजे दलदलीतला संथ ओढा) लिहिलं ते तिकडे न वाढता, रेकॉर्ड ऐकून आणि डोक्यात चित्र रंगवून. काही लोक यावरून त्यांना नकली म्हणतात. मला ते पटत नाही, कारण फोगर्टीने नुसते मगर आणि बायू हे शब्द उचलले नाहीत, त्याला त्या संगीताची चाल कळली होती. ‘बॉर्न ऑन द बायू’ जानेवारी १९६९ च्या ‘बायू कंट्री’ अल्बमचं पहिलंच गाणं आहे, त्याची सुरुवात लावा. ई सेव्हन ही एकच कॉर्ड, आणि तिच्यावर ट्रेमोलो, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प आवाज ठरावीक वेगाने लहानमोठा करत राहतो, आपण लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड धरून आ करायचो तेव्हा आवाज जसा थरथरायचा अगदी तसं. अ‍ॅम्प कस्टम कंपनीचा, ट्रान्झिस्टरवाला, महागडा ट्यूब अ‍ॅम्प पण नाही. ड्रम लगेच येत नाहीत, आधी ते थरथरणं कानात बसू देतात, आणि मग ड्रमर डग क्लिफर्ड येतो तो सरळसोट ठेका घेऊन, एक फालतू फिल, म्हणजे मधली सजावट, नाही. स्टू कुकचा बास आणि टॉम फोगर्टीची ऱ्हिदम गिटार इतकं कमी वाजवतात की शिकणाऱ्याला वाटेल हे तर मी पण वाजवीन, आणि तिथेच फसायला होतं, कारण तेवढंच पाच मिनिटं न हलता वाजवणं फार अवघड आहे, मी बास घेऊन प्रयत्न केलाय, दुसऱ्या मिनिटालाच हात शिवशिवायला लागतात. पुढे १९७० चं ‘रन थ्रू द जंगल’ तर अख्खं एकाच कॉर्डवर आहे.

त्यांच्या ‘सुझी क्यू’ चं मूळ पण ऐका, डेल हॉकिन्सचं, १९५७ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला रेकॉर्ड झालेलं. गिटार जेम्स बर्टनची, तेव्हा तो विशीच्या पण आतला होता. गायक गोरा, रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) ब्लूजचा, ठेका रॉक अँड रोलचा, आता याला कुठल्या खोक्यात टाकणार?

टोनी जो व्हाइट मात्र अस्सल तिकडचा, लुइझियानाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. त्याचं १९६९ मध्ये गाजलेलं ‘पोक सॅलड अ‍ॅनी’ पोक नावाच्या रानभाजीबद्दल आहे, गरीब घरांतली भाजी, नुसती खाल्ली तर विषारी, उकळून पाणी दोन-तीनदा फेकावं लागतं. खर्जातला बोलका आवाज, वाह पेडल (पायाने दाबून गिटारला ‘वा-वा’ करायला लावणारं यंत्र) आणि एकदम ढिली, घामेजलेली लय. डॉ. जॉनचा १९६८ चा ‘ग्रि-ग्रि’ अल्बम पण ऐका, पण तो न्यू ऑर्लिन्सच्या वळणाचा, पियानो आणि व्हूडूवाला, तुमच्या बँडला लगेच उपयोगी नाही.

आता तुमच्या बँडचं. तुम्ही लिहिलंय की दोन गिटार आहेत आणि दोन्ही एकाच वेळी फुल कॉर्ड वाजवतात, पहिलं हे थांबवा. एकाने ट्रेमोलो लावून रिफ धरायची, ट्रेमोलोचा वेग गाण्याच्या लयीशी जुळवून घ्यायचा (नाहीतर ड्रमरशी सारखी मारामारी होते), दुसऱ्याने फक्त जिथे गाणारा श्वास घेतो तिथे बोलायचं. गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) इतकाच ठेवा की हळू छेडलं तर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडलं तरच फाटेल, म्हणजे रांगडेपणा बोटांतून येतो, पेडलमधून नाही. गाणाऱ्याला वरचा सूर झेपत नसेल तर गिटार एक अख्खा सूर खाली लावा, फोगर्टी काही गाण्यांत असंच करायचा, तारा सैल झाल्या की आवाज पण जाड येतो. ड्रमरला सांगा क्रॅश सिंबल (झणझणणारी मोठी झांज) एक आठवडा घरी ठेव. रेकॉर्ड करताना सगळे एकाच खोलीत बसा, प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा वेगळा करून मग जोडू नका, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरला तर शिरू द्या.

आणि एकाच कॉर्डवर दहा मिनिटं वाजवून बघा, सोलो न घेता, ती रेकॉर्डिंग इथे टाका, मी ऐकेन आणि बासबद्दल सविस्तर लिहीन.