मोबाईलने धडा वाचून दाखवला, तर मूल वाचायला शिकेल का?

"मॅडम, मोबाईलच सगळं वाचून दाखवायला लागला, तर हा स्वतः कशाला वाचेल?"

डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं-शब्द वाचणं जड जाणं. तो असलेल्या मुलांचे आईवडील हल्ली हाच प्रश्न घेऊन येतात. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका जोडप्याने तो विचारला, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि वडिलांच्या खिशात मुलाकडून काढून घेतलेला फोन. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते.

मुलगा सातवीत. चौथीपर्यंत मराठी शाळेत रडतखडत का होईना, निभावलं. पण गोव्यात सरकारी प्राथमिक शाळेतून बाहेर पडलं, की पाचवीत बहुतेकांचं माध्यम एकदम इंग्रजी होतं. देवनागरीत अक्षर पाहिलं की उच्चार बराचसा ठरलेला. इंग्रजीत तेच अक्षर दर शब्दात वेगळं बोलतं. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालतानाच जो अडखळतो, त्याची इथे पार दमछाक होते. बुद्धी उत्तम, पण घरात 'आळशी' हा शिक्का बसलेला. शाळेतल्या स्पेशल टीचरने त्याला गूगल लेन्सने पान टिपून ऐकायला आणि बोलून टाइप करायला शिकवलं. वडिलांना वाटलं, आता उरलंसुरलं वाचनही गेलं.

मी भूगोलाचं पुस्तक उघडलं. जमिनीची धूप. आधी त्याला स्वतः वाचायला सांगितलं. शब्दाखाली बोट, कपाळावर घाम, 'इरोजन'पाशी येऊन थांबला. काय समजलं विचारलं, तर मान खाली. मग तेच पान फोनने वाचलं आणि तो ओळीवर बोट फिरवत ऐकत राहिला. संपल्यावर न विचारता बोलू लागला: पावसात खाणीवरची तांबडी माती ओहोळातून आजोच्या शेतात कशी येते, रोपं कशी गाडली जातात, बांध घातला तर किती माती अडते. वडील म्हणाले, "हे सगळं पुस्तकात आहे?" म्हटलं, "बांधाचं नाही. ते त्याने स्वतः जोडलं."

त्यांच्या शंकेचं उत्तर मला इथेच दिसतं. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. दोहोंपैकी एक शून्य, तर गुणाकार शून्य. या मुलाचं भाषा समजणं भक्कम आहे. पण वाचता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं धडेच कानावर पडले नाहीत, तर शब्दसंग्रह आणि माहिती आटत जाते आणि जे भक्कम आहे तेही खचतं. ऐकून शिकल्याने ते टिकून राहतं. यंत्राने वाचून दाखवल्यावर अशा मुलांना मजकूर अधिक समजतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून 2018 साली मांडलेलं आहे. फरक माफक, पण फायद्याच्या बाजूचा.

मात्र नुसतं ऐकून अक्षरं उलगडायला येत नाहीत, म्हणून वडिलांची भीती मी उडवून लावली नाही. ध्वनी, अक्षर, शब्द असं क्रमाने, रोज थोडं थोडं, माणसाने शेजारी बसून शिकवावंच लागतं. फोन आहे म्हणून कुणी हा तास बंद केला, तर मुलाचं खरंच नुकसान होईल. शाळाही कधी कधी तसं करतात, आणि तेव्हा पालकांनी ठामपणे विचारलं पाहिजे. आम्ही ठरवलं ते असं: विज्ञान, भूगोल, इतिहास फोनच्या मदतीने; आणि संध्याकाळी अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत, टीचरने दिलेली शब्दकार्डं घेऊन आईसोबत वाचन.

चॅटबॉटच्या, म्हणजे प्रश्नांना उत्तरं लिहून देणाऱ्या एआय ॲपच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. प्रश्नाचा फोटो टाकून तयार उत्तर उतरवायचं नाही. वाचून दाखवणं ही मदत. विचारच करून देणं ही मदत नव्हे. उत्तर आधी स्वतः तोंडी सांगायचं, मग हवं तर सोप्या भाषेत पुन्हा समजावून घ्यायचं, तेही पुस्तकाशी ताडून, कारण चॅटबॉट चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. आईने मुलाचा तपासणी अहवाल नाव-शाळेसकट एका चॅटबॉटवर टाकला होता, "पुढे याचं कसं होणार" हे विचारायला. रात्री दोनला आणखी कुणाला विचारणार, तिची घालमेल मला कळते. तरी सांगितलं, ताई, हे पुन्हा करू नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे, म्हणजे ती जपणं तुमच्याच हातात आहे.

आज मुलगा वर्गात हात वर करतो. वाचन अजून संथ आहे, पण पुढे सरकतंय. वडिलांचा शेवटचा प्रश्न होता, "दहावीला फोन नेऊ देतील?" तसा भरवसा धरू नका. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे (डिस्लेक्सिया त्यातच मोडतो), परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची तरतूदही आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकास पात्र असलेल्यांना तासाला किमान 20 मिनिटं जादा द्यावीत, असं म्हटलं होतं. या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. दहावीचा फॉर्म भरायची वाट पाहू नका, आठवीतच कागदपत्रांना लागा.